अर्धा आईचा, अर्धा अण्णांचा

माझ्या कपाटात, पासबुकं आणि घराच्या कागदांखाली, एक पारदर्शक फोल्डर आहे. त्यात २०१७ सालचा एक रिपोर्ट. एकाच पानावर तीन माणसांची नावं आणि प्रत्येक नावापुढे अक्षरं नि आकडे. आईच्या ओळीत पहिल्या रकान्यात ए-२ आणि ए-११. धाकट्या भावाच्या ओळीत ए-११ आणि ए-२४. माझ्या ओळीत ए-२ आणि ए-३३. पुढे बी आणि डीआर यांचे रकाने, त्यांतही अशाच जोड्या. खाली डॉक्टरांनी पेनाने लिहिलेलं: आई, अर्धी जुळणी. बहीण, शून्य.

भाऊ तेव्हा ३४ वर्षांचा होता. दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, प्यायचं पाणी मापाच्या फुलपात्राने, मीठ नाही, डाळ मोजून, केळं वर्ज्य. त्याच्या हातावर डायलिसिससाठी केलेल्या फिस्च्युलाला, म्हणजे शीर आणि धमनीच्या जोडाला, हात लावला की आत रक्ताची थरथर लागायची. आई रोज सकाळी तिथे दोन बोटं ठेवून बघायची, चालू आहे ना म्हणून. आमचा रक्तगट एकच. मी ४१ वर्षांची, बीपी नाही, शुगर नाही. देणारी मीच, असं मी धरून चालले होते. नवऱ्याशी बोलून झालं होतं, कॉलेजात द्यायचा रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता.

आणि मग ते शून्य. डॉक्टर नीट समजावून सांगत होते, की शून्य जुळणीवरही किडनी बसवता येते, आता औषधं चांगली आहेत, पण आईंची तब्येत ठीक असेल तर आधी त्यांचा विचार करू. मला त्यातलं फक्त शून्य ऐकू आलं. एका ताटात जेवलेली भावंडं आम्ही. १९८९ साली मी आठवीत आणि तो पहिलीत असताना एकाच आठवड्यात दोघांना कांजिण्या आल्या होत्या. आजीने माजघरात आमची अंथरुणं शेजारी शेजारी घातली होती, उशाशी कडुलिंबाचा पाला. मला अंगभर फोड, त्याला मोजून वीसेक. माझ्याकडे बघून तोच रडायचा. आणि आता एकाच रेघेखाली दोघांची नावं, नि एकही आकडा सारखा नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवते. टी.वाय.च्या वर्गाला इम्युनॉलॉजीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा पेपर असतो, तो बरीच वर्षं माझ्याकडे आहे. हे आकडे काय आहेत ते मला चांगलं ठाऊक होतं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात, माणसांत त्यांना एचएलए म्हणतात. ती आई-वडिलांकडून गठ्ठ्याने येतात, एक गठ्ठा आईचा, एक वडिलांचा. त्यामुळे आई आणि मूल कायम अर्धे जुळतात. भावंडांचं तसं नाही. चारात एकदा दोघांचे दोन्ही गठ्ठे सारखे निघतात, चारात दोनदा एक, आणि चारात एकदा एकही नाही. फळ्यावर चौकटी काढून मी हे दरवर्षी समजावते. त्या चौथ्या चौकटीत आपण उभे असू, असं कधी मनात आलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि एक प्रश्न डोक्यात बसला. ही प्रथिनं मुळात असतात कशाला? इतकी वर्षं शिकवूनही हा प्रश्न मी असा, स्वतःसाठी, विचारला नव्हता.

एके काळी शास्त्रज्ञांनाही तो छळत होता. पीटर गोरर आणि जॉर्ज स्नेल यांनी उंदरांमध्ये ही प्रथिनं ओळखली, ती एका उंदरावरची गाठ दुसऱ्यावर लावून बघताना. ती टिकते का झडते, हे कशावर ठरतं ते शोधताना. उंदरांतल्या त्या जागेला एच-२ नाव पडलं. माणसांतलं असं पहिलं प्रथिन फ्रान्समध्ये झाँ दोसे यांना १९५८ साली सापडलं. ऊतक जुळतं की नाही हे ठरवणारी, म्हणून नावही तसंच पडलं, हिस्टोकॉम्पॅटिबिलिटी. म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती जिथे नडली, तिथे त्यांचं बारसं झालं. पण उंदराने कधी दुसऱ्या उंदराची कातडी पांघरली होती? कोट्यवधी वर्षांत कुठल्या प्राण्याला दुसऱ्याची किडनी बसवायची वेळ आली होती? शल्यविशारदांना अडवण्यासाठी निसर्गाने एवढा खटाटोप केला असेल, हे पटण्यासारखं नाही. मग ही प्रथिनं करतात काय?

उत्तर आलं ते ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरातून, १९७३ साली. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या जॉन कर्टिन स्कूल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये दोन तरुण एकत्र काम करू लागले. एकाला प्रत्यारोपणाशी काही घेणं नव्हतं, दुसऱ्यालाही फारसं नव्हतं.

पीटर डोहर्टी ब्रिस्बेनचे, शिक्षणाने गुरांचे डॉक्टर. १९६२ साली क्वीन्सलँड विद्यापीठातून पशुवैद्यकाची पदवी घेतलेले. पुढे एडिनबरोला जाऊन त्यांनी पीएच.डी. केली ती मेंढ्यांच्या मेंदूतल्या एका आजारावर. त्याला लूपिंग-इल म्हणतात. गोचिडीतून विषाणू येतो आणि मेंढी तोल जाऊन उड्या मारल्यासारखी चालते. (आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या काजूबागांमध्ये २०१६ साली माणसं ज्याने आजारी पडली, तो माकडतापाचा विषाणू याच कुळातला. हे समजल्यावर ती स्कॉटलंडची मेंढी मला अचानक फार जवळची वाटली.) रोल्फ झिंकरनागेल स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे, माणसांचे डॉक्टर. ते कॅनबेरात आले तेव्हा वय २९. मेंदूच्या दाहाबद्दल डोहर्टींना माहिती होती. पेशी पेशीला मारते का, हे मोजायची चाचणी झिंकरनागेल करणार होते. दोघांचं जमलं ते या गरजेतून.

त्यांनी निवडलेला विषाणू विलक्षण आहे. त्याचं लांबलचक नाव लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस, बोलताना एलसीएमव्ही. मोठ्या उंदराच्या मेंदूत तो टोचला तर उंदीर साधारण सातव्या-आठव्या दिवशी झटके येऊन मरतो. पण त्याच उंदराची प्रतिकारशक्ती आधी दाबून ठेवली, तर विषाणू मेंदूभर पसरतो आणि उंदीर जगतो. आईच्या पोटातच लागण झालेली पिल्लंही हा विषाणू अंगात घेऊन मोठी होतात. म्हणजे विषाणू पेशीला काहीच करत नाही. तो आत राहतो, वाढतो, पेशी चालू राहते. मारतात त्या उंदराच्या स्वतःच्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पांढऱ्या पेशी. विषाणू बसलेली प्रत्येक पेशी त्या संपवत सुटतात, आणि मेंदूत असं चाललं की घरच कोसळतं.

वर्गात हा भाग आला की मी थोडी थांबते. मुलांना वाटत असतं की रोग म्हणजे जंतू आणि प्रतिकारशक्ती म्हणजे औषध. या उंदराने ते दोन्ही उलटंपालटं करून टाकलेलं असतं.

तर चाचणी अशी. काचेत वाढवलेल्या उंदराच्या पेशी घ्यायच्या, त्यांना विषाणूची लागण करायची, आणि त्यांना किरणोत्सारी क्रोमियम-५१ पाजायचं. पेशी धडधाकट आहे तोवर क्रोमियम आत राहतं. मग आजारी उंदराच्या टी पेशी त्यावर सोडायच्या. पेशी मारली गेली की ती फुटते, क्रोमियम भोवतीच्या द्रवात उतरतं, आणि यंत्रावर आकडा येतो. आकडा मोठा, तर मारामारी मोठी. मृत्यू असा मोजता येतो हे ऐकताना कोरडं वाटतं. पण ही लढाई त्यामुळे नेमकेपणाने पाहता येते.

पहिल्या प्रयोगांत आकडे उत्तम आले. मग त्यांना वाटलं, उंदरांच्या वेगवेगळ्या जातींत हा आजार कमी-जास्त होतो, तर प्रत्येक जातीच्या टी पेशी किती जोरात मारतात ते पाहू. लागण झालेल्या काचेतल्या पेशी सगळ्यांसाठी त्याच, एल पेशी नावाच्या. टी पेशी मात्र जातीजातीच्या उंदरांच्या.

आणि इथे गाडी अडली. काही जातींच्या टी पेशींनी एल पेशींचा फडशा पाडला. काहींनी बोटसुद्धा लावलं नाही. थोडं कमी, थोडं जास्त असं काही नव्हतंच. एक तर मारतात, नाही तर ढिम्म. ज्यांनी मारलं नाही तेही उंदीर आजारी होते, त्यांच्याही मेंदूत त्याच विषाणूविरुद्ध तीच लढाई पेटली होती. मग काचेत समोर तोच विषाणू असताना त्यांच्या टी पेशी गप्प का?

उत्तर एच-२ मध्ये होतं. एल पेशी ज्या उंदरापासून निघाल्या होत्या त्याचा एच-२ 'के' प्रकारचा. मारणाऱ्या सगळ्या जाती 'के' प्रकारच्या. न मारणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या. आई 'के' आणि बाप दुसऱ्या प्रकारचा अशी संकरित पिल्लं घेतली, तर त्यांच्या टी पेशी मारत होत्या, कारण अर्धा भाग जुळत होता. मग त्यांनी उलटी तपासणी केली. दुसऱ्या प्रकारच्या उंदरांच्या पेशींना लागण केली, तर आता त्यांच्याच प्रकारच्या टी पेशींनी त्यांना ओळखलं आणि 'के'वाल्या गप्प बसल्या. पहिल्या प्रयोगात एल पेशी आणि उंदीर दोन्ही 'के' निघाले हा योगायोग होता. तो नसता तर पहिल्याच दिवशी शून्य आलं असतं आणि कदाचित ते दुसऱ्याच कामाला लागले असते.

म्हणजे टी पेशीला नुसता विषाणू दिसत नाही. नुसती आपली पेशीही तिला पुरत नाही. आपल्या पेशीवरचं आपलंच प्रथिन आणि त्याच्यासोबत विषाणूची खूण, असं दोन्ही एकत्र दिसलं तरच ती ओळखते. डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी याला 'बदललेलं स्व' असं म्हटलं. परका तिला दिसतो तो आपल्यातलं काहीतरी बदललं म्हणून. एप्रिल १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला, जेमतेम दोन पानांचा. ज्या प्रथिनांनी इतकी वर्षं डॉक्टरांच्या नाकी नऊ आणले होते, त्यांचं खरं काम तिथे पहिल्यांदा कळलं. पेशीच्या आत काय चाललंय ते बाहेर दाखवणं, एवढंच त्यांचं काम.

बावीस वर्षांनी, १९९६ साली, दोघांना नोबेल मिळालं. डोहर्टी हे नोबेल मिळवणारे पहिले पशुवैद्य. आमच्याकडे म्हैस अडली की रात्री-अपरात्री मोटरसायकलवर येणारे गुरांचे डॉक्टर मी लहानपणापासून बघत आले आहे. त्या माणसांकडे एक सवय असते. जनावर बोलत नाही, म्हणून ते आधी नीट बघतात. माझी अशी समजूत आहे की कॅनबेरात ती सवय कामाला आली.

'दाखवणं' म्हणजे नेमकं काय, हे समजायला पुढे बारा-तेरा वर्षं लागली. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलन टाउनसेंड यांनी १९८६ साली फ्लूच्या विषाणूवर दाखवून दिलं, की टी पेशी अख्खं प्रथिन बघतच नाहीत, त्याचा छोटासा तुकडा बघतात. आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये पामेला ब्यॉर्कमन, डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी अशा एका प्रथिनाचा आकार क्ष-किरणांनी टिपला. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ऊस दिसला. खरंच सांगते. माझं माहेर कृष्णाकाठचं, आमच्या दारातून उसाचे फड सुरू होतात. खाली सपाट जमीन, दोन बाजूंना दोन वरंबे, मध्ये सरी. त्या प्रथिनाचा माथा अगदी तसा. आणि सरीत काहीतरी पडलेलं, कांडीसारखं. तोच तो तुकडा, आठ-दहा अमिनो आम्लांचा.

ऊस लावताना कांडी सरीत आडवी ठेवतात आणि डोळा कुठल्या बाजूला येतोय ते बघतात. इथेही कांडीचे काही डोळे खाली वळून मातीत घट्ट रुततात आणि बाकीचे वर राहतात. वरचे डोळे टी पेशी वाचते. खालचे डोळे ज्या खड्ड्यांत बसतात ते खड्डे प्रत्येकाच्या सरीत वेगळे, म्हणून माझ्या सरीत जी कांडी बसेल ती दुसऱ्याच्या सरीत बसेलच असं नाही. पेशीत रोज जुनी प्रथिनं तुटत असतात, त्यांच्या कांड्या या सऱ्यांत भरल्या जातात आणि पेशीच्या अंगणात मांडल्या जातात. सगळ्या घरच्याच असल्या तर टी पेशी पुढे जाते. एखादी विषाणूची निघाली तर त्या घराचं काही खरं नसतं.

१९८७ साली आकार मिळाला तो कुठल्या प्रथिनाचा, तर ए-२ चा. आईच्या ओळीतला पहिला आकडा. माझ्याही ओळीतला पहिला.

या आकड्यांचे माणसांत आज ३० हजारांहून जास्त प्रकार नोंदलेले आहेत. आपल्या शरीरात इतकी विविधता दुसऱ्या कुठल्या जनुकांत नाही. प्रत्यारोपण करणाऱ्याला हा शाप वाटतो. पण समजा, सगळ्या गावाची सरी एकाच मापाची असती. मग एखाद्या विषाणूने आपल्या कांड्या किंचित बदलून त्या सरीत बसणार नाहीत अशा केल्या असत्या, की अख्खं गाव आंधळं. तसं होत नाही. एकाच्या नजरेतून सुटला तरी शेजाऱ्याच्या नजरेतून तो सुटेलच असं नाही. एचआयव्हीची लागण झालेल्यांमध्ये ज्यांच्याकडे बी-५७ प्रकार असतो, त्यांतले बरेच जण औषधं नसतानाही विषाणूला जास्त काळ दाबून ठेवू शकतात, हे आता पक्कं ठाऊक आहे. सरीचा आकार असा कामाला येतो.

मग मला ते माजघर आठवलं. शेजारी शेजारी अंथरुणं, एकच विषाणू, आणि दोन भावंडं. माझ्या पेशींनी त्या कांजिण्यांच्या ज्या कांड्या मांडल्या असतील, त्यांतल्या बहुतेक त्याच्या पेशींनी मांडल्या नसतील. त्याने त्याच्या बघितल्या, मी माझ्या. त्याला वीस फोड नि मला दोनशे का, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण आमच्या घरात शिरलेल्या त्या एका विषाणूला आम्ही दोघांनी दोन वेगळ्या बाजूंनी पाहिलं, एवढं मात्र खरं. ते शून्य त्या रात्री मला थोडं वेगळं दिसायला लागलं.

किडनी आईने दिली. ५८ वर्षांची होती. सगळ्या तपासण्या झाल्या, शेवटची क्रॉसमॅच. तिच्या पेशींवर भावाच्या रक्तातलं द्रव्य टाकून बघतात, मारतंय का. तीही त्याच कॅनबेराच्या चाचणीच्या नात्यातली. तिचा निकाल निगेटिव्ह आला आणि फोनवर ते ऐकून आई घाबरली, कारण निगेटिव्ह म्हणजे वाईट अशी तिची समजूत. मी म्हटलं, "अगं, चांगलंय. त्याचं रक्त तुला मारत नाही." ती म्हणाली, "मारेल कशाला? माझ्या पोटातच होता की तो."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नऊ महिने त्याचा अण्णांकडून, आमच्या वडिलांकडून, आलेला परका अर्धा तिच्या पोटात वाढला आणि तिच्या शरीराने तो सांभाळला. आता तिचा अर्धा त्याच्या पोटात जाणार होता, आणि त्याच्या शरीराला ते औषधांनी पटवावं लागणार होतं. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन. सकाळी ९, रात्री ९, मोबाइलवर गजर. टी पेशींनी पेटू नये म्हणून. त्याच्या टी पेशी लहानपणापासून स्वतःच्या सरीवरची कांडी वाचायला शिकलेल्या. समोर आईच्या पेशीची सरी आली की ती जवळजवळ आपलीच, पण काहीतरी बदललेलं. म्हणजे त्यांच्या लेखी ती विषाणूने बिघडवलेली आपलीच पेशी. परका अवयव शरीर का झिडकारतं, याचं एक मोठं कारण असं समजलं जातं. मला हे फार जड गेलं. त्याचं शरीर तिला ओळखत नव्हतं असं नाही. ते तिला आपलं समजत होतं, आणि आजारी समजत होतं.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळायचा कचरा, उतरलं. सातवरून पाच, तीन, दीड. आमच्या घरात तेव्हा वार नि तारखा नव्हत्या, क्रिएटिनिन होतं.

चौथ्या महिन्यात त्याला ताप आला. बारीक, कळे न कळेसा. जेवण जाईना, जुलाब, पांढऱ्या पेशी खूप खाली. रक्ताची पीसीआर केली तर सायटोमेगॅलो विषाणू. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात हा लहानपणीच येऊन बसलेला असतो. आपल्याला पत्ताही नसतो, कारण टी पेशी त्याच्यावर जन्मभर नजर ठेवून असतात. त्यांनाच आम्ही रोज सकाळ-रात्र गोळ्या देऊन झोपवत होतो. किडनीचे पहारेकरी आणि विषाणूचे पहारेकरी एकच. कॅनबेराच्या त्या दोन पानांत हे सगळं होतं, आणि मी ते वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि तरी हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून ते पुन्हा पहिल्यापासून शिकले.

हा विषाणू हुशार आहे. तो पेशीत शिरला की एचएलए प्रथिनं पृष्ठभागावर येऊच देत नाही, आतल्या आत मोडून टाकतो. अंगणात मांडायला कांडीही नाही, सरीही नाही. टी पेशी येते, तिला काहीच दिसत नाही. पण शरीराने त्याचाही बंदोबस्त करून ठेवलाय. नॅचरल किलर नावाच्या पेशी उलट कामाच्या. ज्या पेशीवर आपली खूणच नाही, तिला त्या मारतात. स्वीडनमध्ये क्लास शेरे यांनी १९८६ साली ही गोष्ट पुढे आणली. दाराला नावाची पाटी नसेल तर तेही संशयास्पदच.

आईने डॉक्टरांना विचारलं, "हा विषाणू आला कुठून?" डॉक्टर सहज म्हणाले, "त्याच्यात आधीच असेल, नाहीतर किडनीबरोबर आला असेल, काकू. सगळ्यांच्यात असतो." त्यांना काही वेगळं म्हणायचं नव्हतं. पण आई त्या दिवशी जेवली नाही. रात्री मला म्हणाली, "मी त्याला आजारच दिला का गं?" मी तिला समजावलं, की तुझ्या टी पेशींनी तो विषाणू इतकी वर्षं धरून ठेवला होता, तू आजारी कधीच नव्हतीस. त्याच्या पेशी आपण बांधून ठेवल्यात, म्हणून तो उठला. औषध आहे त्याच्यावर. गॅन्सिक्लोव्हिर सलाइनमधून सुरू झालं होतं, पुढे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या, मायकोफिनोलेट कमी केलं. तिसऱ्या आठवड्यात विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही. आईला मी काय समजावलं ते तिला पटलं की नाही, मला ठाऊक नाही. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

२०२० च्या जानेवारीत कोविडचा विषाणू चीनबाहेर पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवून इतरांना देण्याची बातमी आली ती मेलबर्नहून. संस्थेचं नाव डोहर्टी इन्स्टिट्यूट. ते नाव वाचून मला घरच्या माणसाची बातमी असल्यासारखं वाटलं. आमचा भाऊ पुढची दोन वर्षं वरच्या खोलीत राहिला. दोन लसी झाल्यावरही त्याच्या रक्तात अँटिबॉडी फारशा उमटल्या नव्हत्या, तिसरी घेतली तेव्हा कुठे थोड्या. आई जिन्याच्या चौथ्या पायरीवर ताट ठेवायची आणि खाली उभी राहून तो जेवतो का ते बघायची. दोघं एकमेकांशी तिथूनच बोलायची. तो सुखरूप राहिला. आता त्याची मुलगी चौथीत आहे.

गेल्या दिवाळीत कागदपत्रं आवरताना तो रिपोर्ट पुन्हा हाती आला. आई शेजारी बसली होती, वात वळत. मी तिला म्हटलं, हे बघ, एक गंमत दाखवते. भावाच्या ओळीतला ए-११ तुझा. मग ए-२४ कुणाचा?

"अण्णांचा," ती म्हणाली.

आणि माझ्या ओळीतला ए-२ तुझा. मग ए-३३?

तिने वात खाली ठेवली. अण्णा २०११ मध्ये गेले. त्यांची अशी काही तपासणी कधी झालीच नव्हती. पण मला आणि भावाला काहीच समान आलं नाही, म्हणजे त्याच्याकडे त्यांचा एक गठ्ठा गेला आणि माझ्याकडे दुसरा. आमच्या दोघांत मिळून ते पूर्ण आहेत. त्यांचा एकच गठ्ठा आम्हा दोघांकडे आला असता, तर त्यांचा दुसरा या कागदावर आलाच नसता.

आईने चष्मा मागितला. मग पेन मागितलं. तीन ओळींच्या खाली, जिथे डॉक्टरांनी 'शून्य' लिहिलं होतं त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, तिने तिच्या शाळकरी अक्षरात अण्णांचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी एकेक आकडा वाचत गेले. ए-२४, ए-३३. मग बी. मग डीआर. ती लिहीत गेली.